वीज जातांच संगणक कां बंद पडतो ?

गेल्या वर्षींच्या अंकांत जात्यावरच्या ओंव्या नऊच कां छापल्या, असें कित्येक पालकांनीं आम्हांस विचारिलें. ओंव्या चौदा होत्या. आठवींतील एका विद्यार्थिनीच्या आजीबाई आमच्या घरीं येऊन त्या सांगत होत्या व आम्ही त्या थेट संगणकावर उतरून घेत होतों. तोंच वीज गेली. शेजारीं यूपीएस होता, त्यावरचा हिरवा दिवा सकाळपासून डौलानें जळत होता. तरी पडदा एका क्षणांत काळा झाला. लिहिलेलें साठवून ठेवावयाचें राहिलें होतें, ही चूक आमचीच. दुसऱ्या दिवशीं आजीबाईंनीं पुन्हां आठवून पाहिलें. पण पांच ओंव्या कांहीं केल्या ओंठांवर येईनात.

यूपीएस असतां असें कां व्हावें, ह्याचा आम्हीं मग छडा लावला, आणि चोर एक नसून दोन निघाले.

घरांत येणारी वीज २३० व्होल्टची व दर सेकंदास ५० वेळां उलटसुलट आवर्तन करणारी असते. संगणकाच्या नाजुक भागांस मात्र १२, ५ व ३.३ व्होल्ट इतकी अल्प आणि एकाच दिशेनें वाहणारी वीज लागते. हें रूपांतर करणाऱ्या पत्र्याच्या पेटीस कारागीर एसएमपीएस म्हणतात. तिच्या आंत कपॅसिटर नांवाचा एक नळकांड्यासारखा भाग असतो. त्यास विजेचा रांजण म्हणावें. नळ थांबला तरी रांजणांतील पाण्यावर घर चालतें. तसाच हा साठा वीज गेल्यावर संगणकास जगवितो. पण किती काळ ? सेकंदाचा सुमारें साठावा भाग ! पापणी लवण्यासहि ह्याहून अधिक वेळ लागतो. एवढ्या अवधींत यूपीएसनें आपल्या बॅटरीची वीज पुढें करावयाची असते. चांगल्या स्थितींतील घरगुती यूपीएसला सेकंदाचा शंभरावा भाग किंवा त्याहूनहि कमी वेळ पुरतो. म्हणजे ही शर्यत नेहमीं अगदीं थोडक्यानेंच जिंकली जाते.

आमच्या घरीं ती हरली कशी ? पहिला चोर बॅटरी. लहान यूपीएसमध्यें बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची, शिशाची बंद बॅटरी असते. तिचें आयुष्य तीन ते पांच वर्षें. उकाड्यांत त्याहूनहि कमी. आमची सहाव्या वर्षांत होती. हिरवा दिवा इतकेंच सांगत होता कीं, भिंतींतली वीज चालू आहे. बॅटरीच्या पोटांत काय उरलें आहे, हें त्यास ठाऊक नव्हतें. शिवाय आम्हीं त्याच यूपीएसला लेझर छपाईयंत्रहि जोडून ठेविलें होतें. कागदावर शाई पक्की करण्यासाठीं तें यंत्र मधूनमधून शेंकडों वॅट ओढतें. त्याची जागा भिंतींतल्या बटणावर.

नवी बॅटरी आली. आम्हीं मोठ्या विश्वासानें भिंतींतली वीज बंद केली, आणि संगणक पुन्हां मेला. यूपीएस मात्र टूं टूं करीत जिवंत! येथें दुसरा चोर सांपडला. उष्णतेनें व धुळीनें कपॅसिटर वर्षानुवर्षें सुकत जातो. रांजणांत जणूं गाळ भरतो. त्यांतील साठा इतका घटला होता कीं, यूपीएस वेळेवर पोंचूनहि संगणकास उशीरच होई. कारागिरानें दुसऱ्या संगणकाची पेटी तात्पुरती लावून पाहिली, तेव्हां तोच संगणक वीज गेल्यावरहि बिनधोक चालूं राहिला. अशी पेटी मरण्यापूर्वीं इतरहि लक्षणें दाखविते : संगणक आपोआप बंद होऊन पुन्हां सुरू होतो, पंखा एकदां फिरून थांबतो, कधीं करपल्याचा वास येतो. परंतु ती पेटी कोणीं घरीं उघडूं नये. वायर काढल्यावरहि तिच्या आंत ३०० व्होल्टांहून अधिक दाबाची वीज कांहीं काळ दडून असूं शकते, आणि ती जिवावर बेतते.

पंख्यादिव्यांसाठीं इन्व्हर्टर असतांना यूपीएस कशास, असेंहि कोणी विचारतात. क्षणाचा खंड पंख्यास कळत नाहीं, संगणकास कळतो. बऱ्याच इन्व्हर्टरांवर 'नॉर्मल' व 'यूपीएस' अशा दोन खुणांचें बटण असतें; पहिल्या खुणेवर बदल सावकाश होतो, दुसऱ्या खुणेवर झटपट. तें बटण कोठें आहे हें आम्हांसहि परवांपर्यंत माहीत नव्हतें.

तथापि लहान यूपीएसकडून फार अपेक्षा करूं नये. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली व आगगाड्या रुळांवर थांबल्या. त्या दिवसांत शाळा घरोघरच्या संगणकांवर भरत होत्या. तसल्या दीर्घ खंडापुढें ही चिमुकली बॅटरी काय करणार ? तिच्यांत हिशेबानें ८४ वॅट-तास असतात, पण वेगानें ओढल्यास त्यांपैकीं बरेच हातीं लागत नाहींत. दहापंधरा मिनिटें मिळालीं तर पुष्कळ. तेवढ्यांत काम साठवावें व संगणक रीतसर बंद करावा.

बॅटरीची परीक्षा सोपी आहे. दोन-तीन महिन्यांतून एकदां संगणक बंद करून यूपीएसला १०० वॅटचा जुना, तारेचा दिवा जोडावा व भिंतींतलें बटण बंद करावें. दिवा पांच मिनिटेंहि टिकला नाहीं, तर बॅटरी बदलावी. आमच्या यूपीएसवर आतां बॅटरी घेतल्याच्या तारखेची चिठ्ठी चिकटविलेली आहे.

हरवलेल्या पांचांपैकीं दोन ओंव्या आजीबाईंस यंदा संक्रांतीस तीळ कांडतांना आठवल्या. त्या ह्याच अंकांत पुढें छापल्या आहेत.