सर्व्हेअरचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे

पुराने, वादळाने किंवा आगीने विमा उतरवलेल्या घराचे मोठे नुकसान झाले की विमा कंपनी पाहणीसाठी सर्व्हेअर नेमते. तो फोटो काढतो, मापे घेतो, कागद मागतो, आणि काही दिवसांनी एक आकडा कळतो. पुष्कळदा तो प्रत्यक्ष खर्चाच्या निम्म्यावर असतो. मग घरात एकच वाक्य फिरू लागते : ‘सर्व्हेअरनं लिहिलं ना, आता काही होत नाही.’ शेजारी हेच सांगतात, एजंट हेच सांगतो, कधी कधी कंपनीच्या काउंटरवरही हेच ऐकायला मिळते. इतक्या तोंडून आले म्हणून ते खरे ठरत नाही. कायदा याच्या नेमका उलट आहे.

१९३८ च्या विमा कायद्यातील कलम ६४ यूएमने ठरावीक रकमेवरच्या दाव्यांत परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल सक्तीचा केला आहे. पण सर्व्हेअरने काढलेल्या रकमेपेक्षा वेगळ्या रकमेला दावा मिटवण्याचा कंपनीचा अधिकारही हेच कलम राखून ठेवते. म्हणजे ‘सर्व्हेअरनं लिहिलं, आमचे हात बांधलेले’ हे कंपनीचे उत्तर कायद्यात बसत नाही. न्यू इंडिया अश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्टच सांगितले : सर्व्हेअरचा अहवाल दावा मिटवण्याचा पाया होऊ शकतो, पण तो शेवटचा शब्द नव्हे, आणि तो ना कंपनीवर बंधनकारक आहे ना विमाधारकावर. याला आता बरीच वर्षे झाली. तरी प्रत्येक पुरानंतर तेच वाक्य पुन्हा वर येते.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अहवाल अंतिम नसला तरी तो महत्त्वाचा पुरावा असतो, आणि तो बाजूला सारायला त्याहून ठोस काहीतरी समोर ठेवावे लागते. ‘सर्व्हेअर कंपनीचाच माणूस, त्यानं मुद्दाम कापलं’ हे ठोस नाही. त्याची फी कंपनी देते, म्हणून शंका येणे स्वाभाविक आहे; पण त्याला परवाना देते विमा नियामक संस्था, म्हणजे आयआरडीएआय, आणि हेतूवर केलेले आरोप आकडा एका रुपयानेही वाढवत नाहीत. आकडा वाढतो तो एकेका ओळीतली चूक दाखवल्यावर.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या घराघरांत शिरले, तसा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. पाणी चार फूट चढून उतरले, खाली वीतभर चिखल. सर्व्हेअर आला तेव्हा भिंती ओल्या, वीज बंद, सामान अंगणात. त्याने भिजलेले तीन स्विचबोर्ड मोजले आणि वीजकामाला तेवढेच पैसे धरले. पण गढूळ पाणी भिंतीतल्या पाइपांमधूनही शिरलेले असते. वीज सुरू केल्यावर कुठे ट्रिप होते, कुठे भिंतीला करंट लागतो. प्लायवूडची कपाटे आठ-दहा दिवसांनी फुगून त्यांचे पापुद्रे सुटतात. टाइल्स वरून धड दिसतात, पण खालची भर वाहून गेल्यामुळे टकटक केले की पोकळ वाजतात. पाहणीच्या दिवशी यातले काहीच दिसत नव्हते, म्हणून ते अहवालात नाही. इथे भांडण्यासारखे काही नाही, कळवण्यासारखे आहे. परवानाधारक वायरमनचा लेखी दाखला, पाण्याच्या खुणेला मेजपट्टी लावून काढलेला फोटो, सुताराचे आणि गवंड्याचे ओळवार इस्टिमेट असे सगळे ईमेलने कंपनीला आणि सर्व्हेअरला पाठवायचे आणि पुरवणी पाहणी मागायची. फोनवर सांगितलेले हवेत विरते.

त्याआधी अहवालाची प्रत लेखी मागून घ्यावी. प्रत न वाचताच ‘फार कमी दिलं’ म्हणणाऱ्यांची संख्या थक्क करणारी आहे. तक्त्यात एका रकान्यात मागितलेली रक्कम असते, दुसऱ्यात मान्य केलेली, आणि दोहोंमधला फरक बहुधा तीन कारणांनी पडतो : घसारा, भंगाराची किंमत म्हणजे साल्व्हेज, आणि विमा अपुरा असल्याबद्दलची कपात. तिसरे कारण सर्वांत महाग पडते. घर पुन्हा बांधायला ४० लाख लागणार आणि विमा २० लाखांचा, तर जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत १० लाखांच्या नुकसानीला ५ लाखच मिळतात. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत अपुऱ्या विम्याची ही कपात काढून टाकली आहे. विमा रकमेच्या मर्यादेत नुकसानीची भरपाई पूर्ण द्यायची. दुरुस्तीचा हिशेबही घर पूर्वी होते तशा स्थितीत आणण्याच्या खर्चावर होतो. अशा पॉलिसीच्या तक्त्यात प्रमाणशीर कपात दिसली, तर ती कोणत्या अटीखाली केली हे एका ओळीत विचारावे. वास्तुविशारद व अभियंत्याची फी दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि मलबा हटवण्याचा खर्च २ टक्क्यांपर्यंत याच पॉलिसीत धरलेला असतो. हे बहुतेक लोक मागतच नाहीत.

‘फ्लॅट दीड कोटीचा, मग विमा वीस लाखांचाच का?’ ही तक्रार जागेचा भाव आणि बांधकामाचा खर्च यांच्यातल्या गोंधळातून येते. जमीन जळत नाही की वाहून जात नाही. ७०० चौरस फूट चटई क्षेत्र आणि बांधकामाला चौरस फुटामागे ३,००० रुपये धरले तर पुनर्बांधणीचा खर्च २१ लाख होतो. तेवढाच विमा लागतो आणि घर पूर्ण नष्ट झाले तर तेवढेच मिळतात. क्षेत्रफळ मात्र अर्जात खरे लिहिलेले असावे.

दुसरा हट्टी गैरसमज पंचनाम्याचा. तलाठ्याने पंचनामा केला म्हणजे विम्याचा दावा नोंदला गेला, असे मानून कित्येक जण कंपनीला कळवतच नाहीत. पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. राज्य आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये ठरले. ती मदत आहे, भरपाई नव्हे, आणि विम्याशी तिचा संबंध नाही. पंचनाम्याची प्रत दाव्याला पुरावा म्हणून जोडावी, त्याच्या जागी नव्हे.

डिस्चार्ज व्हाउचरवर, म्हणजे दावा पूर्ण मिटल्याच्या पावतीवर, सही केली की सगळे संपले, हेही अर्धसत्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये अजमेर सिंग कॉटन मिल्सच्या खटल्यात म्हटले, की फसवणुकीने, दडपणाने किंवा चुकीची माहिती देऊन सही घेतली असेल, तर उरलेली रक्कम मागण्याचा हक्क जात नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये आयआरडीएआयनेही कंपन्यांना बजावले, की व्हाउचरचा उपयोग ग्राहकाचा हक्क बुजवण्यासाठी करू नये. पण सही करून सहा महिने गप्प बसायचे आणि मग ‘दबाव होता’ म्हणायचे, हे न्यायालये सहसा मानत नाहीत. रक्कम घ्यावी लागली तर त्याच दिवशी ‘आक्षेप राखून स्वीकारत आहे’ असे लेखी कळवावे.

बाकीच्या गैरसमजांना एकेक ओळ पुरे. सर्व्हेअर येईपर्यंत चिखलाला हात लावायचा नाही, हे खोटे : फोटो आणि व्हिडिओ काढून साफसफाई करावी, नुकसान वाढू न देणे हे विमाधारकाचेच काम आहे, फेकण्याआधी फ्रिजच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल आणि सिरियल नंबर टिपून घ्यावा. बिल नाही म्हणजे पैसे नाहीत, हेही खोटे : बँकेची नोंद, वॉरंटी कार्ड, घरातल्या समारंभाचे जुने फोटोही चालतात. सोसायटीचा विमा इमारतीचा असतो, फ्लॅटमधल्या फर्निचरचा नव्हे. गृहकर्जाबरोबर बँकेने दिलेला विमा कित्येकदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, घराचा नव्हे. दागिने मुळातच वेगळे नोंदवावे लागतात.

पत्रव्यवहाराने भागले नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही आणि दिलेला निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मुदत कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्ष. ग्राहक आयोगासाठी ती दोन वर्षे आहे. तिथे अधिकारक्षेत्र भरलेल्या हप्त्यावर ठरत असल्यामुळे घराचे जवळपास सगळे दावे जिल्हा आयोगातच दाखल होतात. आयोगात आधीच चालू असलेले प्रकरण मात्र लोकपाल हाती घेत नाहीत, म्हणून लोकपालाकडे जायचे असेल तर आधीच जावे.