तलंगा अंड्यावर येताना काय खाऊ घालाल?



व्हाईट लेगहॉर्नसारख्या हलक्या जातीची पिले फाल्गुनात आणली, तर आषाढात ती अंड्यावर येऊ लागतात. वलवण भागात तेव्हा पावसाची झड आणि भातलावणीची घाई असते. या गडबडीत तलंगांचे खाद्य बदलायचे राहून जाते. मात्र या दोन-तीन आठवड्यांत झालेली हयगय पुढे वर्षभर भोवते.

हिशेब साधा आहे. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम, म्हणजे चुन्याचा अंश असतो. वाढीच्या खाद्यात, म्हणजे ग्रोअर मॅशमध्ये, तो शेकडा १ च्या आसपास असतो. कोंबडीने दिवसाला १०० ग्रॅम खाद्य खाल्ले तरी पोटात गेला १ ग्रॅम, आणि त्यातलाही सगळा अंगी लागत नाही. मग बाकीचा कुठून आणायचा? ती स्वतःच्या हाडांतून काढते. अंडी पातळ कवचाची येतात, कोंबडी पायांतून लुळी पडते. नुसत्या कण्या-कोंड्यावर तर हे लवकरच होते, कारण त्यांत कॅल्शियम फारच थोडे.

मग पहिल्यापासूनच अंड्यावरचे खाद्य, म्हणजे लेअर मॅश, द्यावे का? मुळीच नाही. त्यात कॅल्शियम शेकडा साडेतीन ते चार असते. वाढत्या तलंगेला ते पेलत नाही. मूत्रपिंडे बिघडतात आणि अंड्यांच्या ऐन भरात कोंबड्या मरतात.

वेळ कशी ओळखावी?

पहिल्या अंड्याआधी सुमारे दोन आठवडे कोंबडी हाडांत चुना साठवू लागते. खाद्य बदलायचे ते तेव्हा. लेगहॉर्नमध्ये ही वेळ साधारण १६ ते १८ व्या आठवड्यात येते. गावठी तलंगा सहा महिने, कधी त्याहूनही जास्त घेतात. म्हणून दिवस मोजा, पण कोंबडीही पाहा: तुरा लाल व मोठा होतो, पाठीवर हात ठेवताच ती दबून बसते, शेपटीखालच्या दोन हाडांत दोन बोटे मावू लागतात.

काय करावे?

१. खाद्य एकदम बदलू नका. दोन दिवस पाव हिस्सा लेअर मॅश, मग दोन दिवस निम्मे, मग पाऊण. आठवड्यात पूर्ण बदला.

२. मोकळ्या फिरणाऱ्या किंवा लहान-मोठ्या एकत्र असलेल्या कोंबड्यांना ग्रोअर मॅशच ठेवा आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात द्या. अंडी देणारी गरजेपुरता खाते, लहान तलंगा त्याला फारशा तोंड लावत नाहीत. भिंतीला लावायचा चुना मात्र कधीही घालू नका.

३. कण्या, कोंडा जोडीला थोडाच द्या. त्याने पोट भरले तर मॅश मागे राहते.

४. स्वच्छ पाणी दिवसभर हवे. पाणी कमी पडले की खाणे घटते, आणि अंडीही.

५. आपल्याकडच्या दमट हवेत मॅशला बुरशी लवकर लागते. पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवा. दोन आठवड्यांपुरतेच खाद्य आणा. गाठी झालेले, कुबट वासाचे खाद्य उकिरड्यात टाका. कोंबड्यांना घालू नका. बुरशीचे विष यकृतावर जाते.

लावणीला निघण्यापूर्वी रोज सकाळी एकदा खुराड्यात डोकवा. तुरे लाल दिसू लागले, की लेअर मॅशचे पोते आणायची वेळ झाली असे समजा.