आधी ठाय, मग दुगुण

पुतण्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला तेव्हा पटावर त्याचा वजीर होता, हत्ती होता, आणि समोर एक राजा नि दोन प्यादी. तरीही तो हरला होता. पाच मिनिटांचा डाव होता आणि त्याच्या घड्याळात शून्य उरलं होतं. "काका, जिंकत होतो ना मी! मग हरलो कसा?"

समोर नुसता राजा उरला असता तर डाव बरोबरीत सुटला असता, कारण एकट्या राजाला कुणावर मात करता येत नाही. पण प्यादं शेवटच्या घरात पोचलं की वजीर होतं. म्हणून समोर एक जरी प्यादं शिल्लक असेल आणि आपली वेळ संपली, तर हार. हा नियम पोराला त्या दुपारी कळला. शेकडो डाव खेळून झाले होते, तरी तोवर कुणी सांगितला नव्हता. मोबाइल खेळायला जोडीदार देतो, चोवीस तास देतो, पण शेजारी बसून समजावून सांगणारं माणूस देत नाही. त्या दिवसापासून मी त्याच्या शेजारी बसायला लागलो.

आम्ही नरसी नामदेवचे. कयाधूच्या काठावरचं, संत नामदेवांचं जन्मगाव. इथं मृदंग शिकायला गेलेल्या पोराला बुवा सुरुवातीला बोटं पळवू देत नाहीत. ठेका ठाय लयीत हाताला बसला पाहिजे, बोल स्वच्छ निघाला पाहिजे, मगच दुगुण. दिंडीतल्या मृदंगमण्याचा हात विजेसारखा चालतो. तो तसा चालतो, कारण कधीकाळी तो हात फार सावकाश चालला होता. हे गावातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. बुद्धिबळाच्या बाबतीत मात्र आमची पोरं थेट चौगुणीपासून सुरुवात करतात, आणि तिथंच सगळं बिनसतं.

आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे फिडेच्या नियमांप्रमाणे प्रत्येकाला दहा मिनिटं किंवा त्याहून कमी वेळ असेल तर तो डाव ब्लिट्झ, आणि दहा मिनिटांच्या वर पण तासाच्या आत असेल तर रॅपिड. ब्लिट्झ हा विजेसाठीच्या जर्मन शब्दावरून आलेला शब्द. मोबाइलवर याच्याही खालचा एक प्रकार चालतो, एक-दोन मिनिटांचा बुलेट. आता हिशेब करू. डाव साधारण चाळीस चालींचा धरला, तर तीन मिनिटांत एका चालीला साडेचार सेकंद मिळतात. पाच मिनिटांत साडेसात, दहा मिनिटांत पंधरा. पंधरा मिनिटं आणि दर चालीला दहा सेकंद वाढीव असतील, तर साडेबत्तीस सेकंद. नवख्या खेळाडूला समोरच्याची चाल नीट पाहायलाच दहा सेकंद लागतात. मग साडेचार सेकंदांत तो काय करतो? विचार करतच नाही. हाताला येईल ते ढकलतो. असे हजार डाव खेळले तर ढकलण्याची सवय हजार वेळा पक्की होते.

घड्याळ या खेळात फार उशिरा आलं. १८६१ साली अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळं वापरली गेली. दोन तबकड्यांचं जोडघड्याळ १८८३ च्या लंडन स्पर्धेपासून रुळलं. पण नवख्या माणसाच्या दृष्टीनं सगळ्यांत मोठी सुधारणा बॉबी फिशरची. त्यानं १९८८ साली पेटंटसाठी अर्ज केला तो अशा घड्याळासाठी, ज्यात प्रत्येक चालीमागं काही सेकंद परत मिळतात. १९९२ मध्ये स्पास्कीबरोबरच्या दुसऱ्या सामन्यात ते वापरलं गेलं. आज मोबाइलवर '१५+१०' किंवा '३+२' असं दिसतं, त्यातला दुसरा आकडा ही फिशरची देणगी. पुतण्याचा तो डाव '५+०' होता. तो '५+३' असता तर उरलेल्या वजीर-हत्तीनिशी त्यानं मात दिली असती. माझं पहिलं सांगणं एवढंच असतं की शून्याचं घड्याळ निवडू नका. शिकायचं असेल तर '१५+१०' खेळा, फार घाई असेल तर '१०+५'. एक मिनिटाच्या बुलेटला नवख्यानं हात लावू नये असं माझं ठाम मत आहे.

मग मोठे खेळाडू इतके झटपट कसे खेळतात? या प्रश्नाचं उत्तर आधी डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान डी ग्रूट यांनी शोधलं, आणि १९७३ साली अमेरिकेत चेस आणि सायमन या दोघांनी ते आणखी नेमकं केलं. खऱ्या डावातला पट त्यांनी पाच सेकंद दाखवला, झाकला आणि आठवणीतून मांडायला लावला. निष्णात खेळाडूनं पंधरा-सोळा मोहरे जागेवर ठेवले, नवख्यानं चारेक. नंतर मोहरे वाटेल तसे पसरून हाच प्रयोग केला, तेव्हा निष्णाताची आघाडी जवळपास नाहीशी झाली. म्हणजे त्याची स्मरणशक्ती काही अचाट नव्हती. त्यानं पटावरच्या ओळखीच्या जागा हेरल्या होत्या. कीर्तनकाराला अभंगाचं पहिलं चरण ऐकलं की पुढचं आपोआप आठवतं, तसंच हे. ओळख असेल तर वेळ लागत नाही, आणि ती ओळख सावकाश खेळूनच होते.

कोणत्या जागा ओळखायच्या? सुरुवातीला फार नाहीत. राजाच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं बघा. डाव सुरू होताना त्याला फक्त राजाचाच आधार असतो. वजीर आणि उंट मिळून तिथं चौथ्या चालीत मात देतात, आणि गावोगावची पोरं या एका युक्तीवर पहिले शंभर डाव जिंकतात नि पुढचे शंभर हरतात. मग घोड्याचा दुहेरी हल्ला, एका उडीत राजाला शह आणि वजिरावरही डोळा. घोडा वाकडा चालतो म्हणून घाईत तोच दिसत नाही. आमच्या घरातल्या निम्म्या हारी घोड्यानं केल्या. मग शेवटच्या रांगेतली मात: राजा किल्लेकोट करून आपल्याच तीन प्याद्यांमागं निवांत बसलेला असतो आणि हत्ती खालच्या रांगेत उतरतो. पळायला जागा नसते. या तीन गोष्टी डोळ्यांत बसल्या की नवख्याच्या पातळीवरचे बरेच डाव सुटतात.

सलामीच्या चाली पाठ करण्यात पोरं फार वेळ घालवतात. व्हिडिओही त्याचेच जास्त. माझ्या मते पहिल्या वर्षी मधली घरं प्याद्यानं धरणं, घोडे-उंट बाहेर काढणं, दहाव्या चालीच्या आत किल्लेकोट, आणि वजीर लवकर न फिरवणं एवढं पुरतं. पांढऱ्याकडून एक सलामी, काळ्याकडून दोन. बस. उरलेला वेळ डावाच्या शेवटाला द्यावा. राजा आणि वजीर विरुद्ध एकटा राजा, यात बिनचूक खेळलं तर जास्तीत जास्त दहा चालींत मात होते; वजिराऐवजी हत्ती असेल तर सोळा चालींत. दर चालीला दोन सेकंद परत मिळत असतील तर सवयीच्या हाताला हे जमतं. पुतण्याला मी हत्तीची मात लाकडी पटावर शिकवली. आधी राजाला एका पट्टीत कोंडायचं, मग आपला राजा जवळ आणायचा, मग एकेक रांग कमी करायची. घड्याळ न लावता आठवडाभर केलं. दुसऱ्या आठवड्यात तो बोलता बोलता करू लागला.

जुन्या देशी डावाचा इथं एक अडथळा येतो. आमच्या आजोबांच्या डावात प्यादं पहिल्या चालीतही एकच घर सरकायचं, आणि राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा असे. घरात असं शिकलेलं पोर मोबाइलवर येतं आणि आपलं दोन घरं पुढं टाकलेलं प्यादं शेजारच्या प्याद्यानं जाता जाता मारलेलं बघतं, तेव्हा त्याला वाटतं की यंत्रानं फसवलं. पहिल्याच दिवशी कुणीतरी शेजारी बसून हा फरक दाखवावा.

आता नागपूरची दिव्या देशमुख. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत महिलांच्या विश्वचषकाची अंतिम फेरी झाली. समोर कोनेरू हम्पी, म्हणजे त्या वेळची जगज्जेती रॅपिड खेळाडू. संथ गतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला निकाल लागला तो पंधरा मिनिटं अधिक दहा सेकंदांच्या डावांत. पहिला बरोबरीत, दुसरा काळ्या मोहऱ्यांनी खेळून दिव्यानं जिंकला. त्या डावात हम्पीची वेळ आटत गेली आणि चूक तिथं झाली. एकोणीस वर्षांची दिव्या विश्वचषक जिंकून भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. माझ्या पुतण्याला मी जे घड्याळ निवडायला सांगतो, त्याच घड्याळावर हा विश्वचषक ठरला, हे मी त्याला पुन्हा पुन्हा सांगतो.

तिची आणखी एक गोष्ट खेड्यातल्या पोरांना जास्त जवळची वाटेल. २०२० साली, करोनाच्या दिवसांत, ऑलिम्पियाड ऑनलाइन झालं. नाशिकचा विदित गुजराथी कर्णधार होता. ३० ऑगस्टला रशियाविरुद्धच्या अंतिम सामन्याची पहिली फेरी बरोबरीत सुटली आणि दुसऱ्या फेरीत, जगभर इंटरनेटमध्ये बिघाड झाल्यामुळं, निहाल सरिन आणि दिव्या यांचा संपर्क तुटला. दोघांची घड्याळं चालत राहिली आणि वेळेवर डाव गेले. शेवटी फिडेनं दोन्ही देशांना सुवर्णपदक दिलं. आमच्याकडं पावसाळ्यात रेंज गेली की दाद मागायला कुणी नसतं. म्हणून सांगतो: ढग भरून आले असताना किंवा चार्जिंग दहा टक्क्यांवर असताना डाव लावू नका. फोन येणार असेल तर आधी बोलून घ्या. बोट घसरून भलतीच चाल होत असेल तर मोहरा ओढण्याऐवजी आधी मोहऱ्यावर आणि मग घरावर टिचकी मारण्याची सोय सेटिंगमध्ये असते, ती वापरा. आणि समोरच्यानं खेळण्याआधीच आपली पुढची चाल नोंदवून ठेवण्याची सोय नवख्यानं बंदच ठेवावी. त्यात दोन सेकंद वाचतात आणि वजीर जातो.

रेटिंगबद्दल थोडं. लिचेस नावाचं संकेतस्थळ पूर्ण फुकट आहे, जाहिरातीही नाहीत. तिथं नव्या खेळाडूचं रेटिंग १५०० पासून सुरू होतं आणि काही दिवसांत धाडकन खाली येतं. घाबरायचं कारण नाही, यंत्र आपली पातळी शोधत असतं. फिडेचं अधिकृत रेटिंग हे वेगळंच प्रकरण आहे. मार्च २०२४ पासून त्याची खालची मर्यादाच १४०० आहे. मोबाइलवरचा आकडा आणि तो आकडा शेजारी ठेवू नयेत. मला काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. पोर हरतं, आकडा कमी होतो, तो भरून काढायला लगेच दुसरा डाव लावतं, रागात हरतं, मग तिसरा. रात्री अकराला सुरू झालेला हा प्रकार एकला थांबतो. आमच्या घरात नियम केला की लागोपाठ दोन हारी झाल्या की त्या दिवसाचं बुद्धिबळ संपलं. मला यानं जेवढा फरक दिसला, तेवढा कोणत्याही सलामीनं दिसला नाही.

हरलेला डाव पाहणं हा खरा अभ्यास. यंत्र एका क्षणात चूक दाखवतं, पण यंत्राकडं लगेच जाऊ नये. आधी आपण डाव पहिल्यापासून चालवायचा आणि 'इथं मला काय वाटलं होतं' हे बोलून दाखवायचं. पुतण्या सुरुवातीला गप्प बसायचा. मग एकदा म्हणाला, "काका, मी माझाच डाव बघत होतो, त्याचा बघितलाच नाही." त्या दिवसापासून त्यानं प्रत्येक चालीआधी एक प्रश्न विचारायची सवय लावली: समोरच्यानं आत्ता असं का केलं? मग शह कुठं आहे, काय मारता येतं, काय मारलं जाईल. सुरुवातीला याला वीस सेकंद लागत. आता तीन-चार लागतात. वेग आला तो असा.

तो आता '५+३' खेळतो आणि वेळ संपून हरणं क्वचित होतं. पटावर हरतो, आणि ते बरं आहे, कारण त्यातून शिकता येतं. रोज दोन लांब डाव, त्यातला एक पुन्हा चालवून बघणं, दहा कोडी घड्याळाशिवाय. झटपट डाव फक्त रविवारी. एवढाच त्याचा पाठ आहे.

हा अंक हाती पडेल तेव्हा शाळांना सुट्टी असेल. घरातलं पोर मोबाइलवर बुद्धिबळ खेळत असेल तर ओरडू नका. माळ्यावरचा लाकडी पट खाली काढा, त्याचा काल हरलेला एक डाव त्यावर मांडायला सांगा, आणि शेजारी बसा.