संबंधात्मक डेटाबेसमध्ये घाऊक नोंदी जलद भरणे : हर्सूलच्या सातबाराच्या संदर्भात

प्रस्तावना : महाराष्ट्रातील अधिकार अभिलेखाचे संगणकीकरण झाल्यापासून सातबारा उतारा 'महाभूलेख' या संकेतस्थळावर पाहता येतो. गाव नमुना सातमध्ये भोगवटादार, बारामध्ये पिके, तर सहामध्ये फेरफार नोंदविले जातात. हर्सूल हे छत्रपती संभाजीनगर शहराला मिळालेले गाव. अशा ठिकाणी जमिनीचे हिस्से पडत जातात, एका गटाचे अनेक धारक होतात आणि नोंदींची संख्या फुगते. अशा परिसरातील एक लाख नोंदी तक्त्यात भरावयाच्या आहेत, असे गृहीत धरून प्रस्तुत लेखात विवेचन केले आहे.

विवेचन : नवखा प्रोग्रामर प्रत्येक ओळीसाठी स्वतंत्र 'इन्सर्ट' आज्ञा देतो व प्रत्येक आज्ञेगणिक व्यवहार कायम होतो. वेळ जातो तो येथेच. व्यवहार कायम करताना त्याची नोंद डिस्कवर खरोखर उतरली, याची खात्री डेटाबेसला करून घ्यावी लागते. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. दर फेऱ्यास एक व्यवहार धरला, तर एक लाख ओळींना सुमारे १४ मिनिटे लागतात. हजार ओळींचा एक व्यवहार केल्यास ही प्रतीक्षा शंभर वेळाच करावी लागते, म्हणजे एका सेकंदाच्या आत आटोपते. पोस्टग्रेसमधील 'कॉपी' किंवा मायएसक्यूएलमधील 'लोड डेटा' या आज्ञा त्याहून सरस ठरतात, कारण प्रत्येक ओळीसाठी आज्ञेचे पृथक्करण करण्याचा खर्चही वाचतो. तक्ता रिकामा असेल तर इंडेक्स शेवटी बांधावेत. आधीच भरलेल्या तक्त्यात थोड्या ओळी घालताना मात्र हा उपाय उलट महाग पडतो.

वेगासाठी परकीय कळीची तपासणी बंद ठेवण्याचा मोह होतो. मायएसक्यूएलमध्ये ती पुन्हा सुरू केली तरी दरम्यान शिरलेल्या ओळी तपासल्या जात नाहीत. मग अस्तित्वात नसलेल्या फेरफाराशी जोडलेला भोगवटादार तक्त्यात तसाच राहतो, आणि दोष उघड होतो तो शेतकरी पीककर्जासाठी बँकेत उभा असताना. म्हणून प्रथम निर्बंधरहित तात्पुरत्या तक्त्यात नोंदी उतरवाव्यात, बेवारस ओळी शोधाव्यात व नंतरच एका व्यवहारात मूळ तक्त्यात न्याव्यात. भरणा अर्ध्यावर तुटून पुन्हा चालविल्यास तोच धारक दोनदा येतो; त्यास अनन्य कळी हाच अटकाव. गट क्रमांक मजकूर म्हणूनच ठेवावा, नाही तर स्प्रेडशीट '१२/१' ची बिनदिक्कत तारीख करून टाकते! क्षेत्रासाठी दशांश प्रकार वापरावा, आणि शेवटी प्रत्येक गटातील धारकांच्या क्षेत्राची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी ताडून पाहावी.