थुंकीतून ‘मूळ’ कसं कळतं?
सोलापुरातले मित्र मला विचारतात, “थुंकी पाठवली की पूर्वज कळतात का रे?” तर ऐका. लॅबमध्ये लाळेतल्या पेशी फोडून डीएनए वेगळा काढतात, त्याच्या प्रती वाढवतात आणि तुकडे करून चिपवर सोडतात. स्कॅनर ३०० कोटी अक्षरांपैकी साधारण ६-७ लाखच वाचतो. सॉफ्टवेअर ती कंपनीकडच्या नमुन्यांशी ताडून टक्केवारी सांगतं. म्हणजे तो अंदाजच. नमुने वाढले की टक्के बदलतात.

खरी जोखीम पुढे आहे. २०२३ मध्ये हॅकर्सनी इतरत्र फुटलेले पासवर्ड वापरून ‘ट्वेंटी-थ्री-अँड-मी’ची सुमारे १४ हजार खाती उघडली. नातेवाईक जोडणाऱ्या सोयीमुळे सुमारे ६९ लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. पासवर्ड बदलता येतो, डीएनए नाही. म्हणून थुंकण्याआधी घरच्यांनाही विचारा.