कोठीच्या खोलीचे निजघर

इंदूरच्या जुन्या मराठी वाड्यांत कोठीची खोली हमखास असे. आमच्या वाड्यात ती अजून आहे. पूर्वी उन्हाळ्यात शरबती गहू आला, की तो उन्हे देऊन, कडुनिंबाचा पाला घालून कोठ्यांत भरला जाई. आता धान्य महिन्यापुरते येते. कोठ्या रिकाम्या झाल्या; पण रिकामी जागा कधी रिकामी राहत नाही. मोडका पाळणा, फाटक्या गाद्या, गंजलेली शेगडी यांनी ती भरून गेली.

आणि याच घरात आमच्या आत्याबाई चाळीस वर्षे माजघरात निजत होत्या. सर्वांची निजानीज झाली, की वळकटी पसरायची आणि पहाटे घर जागे होण्यापूर्वी ती गुंडाळायची. त्यांनी कधी तक्रार केली नाही; म्हणून त्यांना उणीव नाही, असे आम्ही सोयीस्करपणे धरून चाललो. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका रात्री त्या अंधारात उंबऱ्याला अडखळून पडल्या. हाड मोडले नाही. आमचे डोळे मात्र उघडले.

अडगळ काढून खोली मोजली : अकरा फूट लांब, आठ फूट रुंद. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे घरात दोन खोल्या असल्यास एक किमान ९.५ व दुसरी किमान ७.५ चौरस मीटर असावी आणि उंची २.७५ मीटर. आमची खोली आठ चौरस मीटरांहून थोडी मोठी भरली. उणीव होती ती हवेची. धान्याला अंधार मानवतो, माणसाला नाही. उजेडवाऱ्याच्या वाटा कोरड्या उष्ण हवेत जमिनीच्या एक दशांश, तर दमट उष्ण हवेत एक षष्ठांश असाव्यात, असे संहिता सांगते. आम्ही मधले प्रमाण धरून चौकाच्या बाजूला चार बाय तीन फुटांची खिडकी काढली. समोरच्या भिंतीतला छताजवळचा झरोका तसाच ठेवला; वर साचलेली ऊन हवा त्यातून निघून जाते. जुन्या वाड्यात भिंतीवर माळ्याचा भार असतो. म्हणून जाणत्या अभियंत्याला दाखवून, आधी टेकू देऊन मगच भिंत फोडावी.

एक चूक मात्र आम्हांला महागात पडली. भिंतीचे पोपडे पाहून गवंड्याने सिमेंटचा गिलावा सुचविला आणि आम्ही मान डोलावली. पुढच्या पावसाळ्यात ओल त्या गिलाव्याच्याही वर चढली. जुन्या चुन्याच्या भिंतीला बाष्प बाहेर टाकावे लागते. सिमेंटने तिची ती वाट बुजते. अंगणाचे पाणी भिंतीपासून दूर वळवून, सिमेंट खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा केला. तेवढ्यात आत्याबाईंचे आणखी एक वर्ष माजघरात गेले. आधीच प्लॅस्टिकचा हातभर तुकडा भिंतीला चारी बाजूंनी घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवला असता, तर त्याच्या आतल्या अंगाला जमलेल्या थेंबांनी ओल भिंतीतलीच आहे हे सांगितले असते.

पुढची कामे लहान, पण मोलाची. उंबरा काढला. विजेच्या जुन्या तारा बदलल्या. दिव्याचे बटण पलंगावरून हात पोचेल असे बसविले. पलंग दीड फूट उंच ठेवला, म्हणजे बसल्यावर पाय जमिनीला टेकतात. न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा असतो. आणि थंडी कितीही पडो, बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवायची नाही. तिच्या विषारी वायूला वास नसतो आणि निजलेला माणूस जागा होत नाही.

गवंडी भिंतीतली देवळी बुजवू लागला, तेव्हा आत्याबाई प्रथमच बोलल्या, “ती राहू दे रे. माझा बाळकृष्ण तिथे बसेल.” मग जरा थांबून त्यांनी हळूच विचारले, “दाराला आतून कडी लावाल ना?”

आम्ही सारे गप्प झालो. इतक्या वर्षांत आतून लावता येईल असे एकही दार या घरात त्यांचे नव्हते. गरज पडल्यास बाहेरूनही उघडता येईल, अशी कडी आम्ही शोधून आणली.

वाचकहो, आपल्या घरातही अडगळीने अडवलेली एखादी खोली असेल. ती मोजण्यापूर्वी घरात वळकटी कोणाची गुंडाळली जाते, ते पाहावे. आणि काय हवे, हे त्या माणसालाच आधी विचारावे. आम्ही ते शेवटी विचारले.