हिराकसाची किमया

दमणगंगा उगम पावते नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात, सह्याद्रीत. मधुबन धरणातून ती सिल्वासाला येते आणि वापीच्या कडेने जाऊन दमणला समुद्राला मिळते. १३१ किलोमीटरच्या या वाटेवर शेवटी शेवटी कारखान्यांची दाटी होते. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्रदूषणासाठी वापीला १०० पैकी ८८.०९ गुण दिले. वरचा नंबर फक्त अंकलेश्वरचा. एरवी एवढ्या गुणांना पेढे वाटतात. इथे नव्या प्रकल्पांवर बंदी आली.

नदीचे पाणी पावसाळ्यात पुढे निघून जाते. जमिनीत मुरलेला धातू मात्र कुजत नाही, जळत नाही. माती खणून दुसरीकडे नेऊन पुरायची तर खर्च नगरपालिकेच्या आवाक्याबाहेरचा, आणि विष तेवढेच राहते. म्हणून पैसे कमी असतील तर विष हलवण्याऐवजी जागच्या जागी त्याचे रूप बदलणे शहाणपणाचे.

क्रोमियमच्या बाबतीत हे खरोखर जमते. मुलामा देण्याच्या आणि कातडी कमावण्याच्या धंद्यांशी जोडलेला हा धातू. त्याचे षट्‌संयुजी रूप पाण्यात सहज विरघळते, विहिरीपर्यंत पोहोचते आणि कर्करोगाला कारण ठरते. त्रिसंयुजी रूप त्या मानाने निरुपद्रवी, आणि मातीला चिकटून बसणारे. काचेच्या भांड्यात षट्‌संयुजी क्रोमियमचे पिवळे पाणी घ्या, किंचित आम्ल करा, हिराकस (फेरस सल्फेट) घाला: पिवळेपणा पाहता पाहता जातो. मग चुना टाकला की हिरवट-तपकिरी गाळ तळाशी बसतो. हिशेबाने १ ग्रॅम क्रोमियमला सुमारे १६ ग्रॅम हिराकस लागते. प्रत्यक्षात थोडे जास्तच. हिराकस महागही नाही, पोलाद कारखान्यांत ते उपउत्पादन म्हणून निघते. साखर कारखान्याची मळी जमिनीत सोडली तर तिच्यावर वाढणारे जिवाणूही हेच काम करतात, फक्त सावकाश.

कानपूरच्या नौरैयाखेड्यात भूजलात रसायन सोडून असाच प्रयोग झाला आहे.

कारखान्यांच्या कचऱ्याच्या उघड्या ढिगाऱ्यांवर वाळा लावतात. त्याची मुळे ३-४ मीटर खोल जाऊन माती धरून ठेवतात, धातू बराचसा मुळांतच अडकतो. पण त्याने माती शुद्ध होते म्हणणे अतिशयोक्तीचे. धूळ आणि धूप थांबते, एवढे नक्की. फ्लोरीनयुक्त ‘कायमस्वरूपी’ रसायनांपुढे तर हिराकस आणि वाळा दोन्ही हतबल. ती सक्रिय कोळशाने पाण्यातून गाळता येतात, पण मग तो कोळसा हजारभर अंश तापमानाच्या भट्टीत जाळावा लागतो.

क्रोमियमचेही काम एकदा करून संपत नाही. मातीतली मँगनीजची ऑक्साइडे त्याला पुन्हा षट्‌संयुजी करू शकतात. म्हणून आसपासच्या विहिरींचे पाणी पुढेही तपासत राहावे लागते. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे.